दिनविशेष : १३ सप्टेंबर
१९९३ : ओस्लो करार

वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे अध्यक्ष यासर अराफत यांनी आजच्या दिवशी हस्तांदोलन केले. मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन उभे होते. अराफत यांनी हात पुढे केल्यावर राबिन क्षणभर अडखळले, हे जगाने पाहिले. करारावर प्रत्यक्ष सह्या मात्र इस्रायलचे परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस आणि मुक्ती संघटनेचे महमूद अब्बास यांच्या होत्या.

या कराराची खरी घडण नॉर्वेत झाली. मुक्ती संघटनेशी संपर्क ठेवणे जानेवारी १९९३ पर्यंत इस्रायली कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे सुरुवातीला दोन इस्रायली प्राध्यापक बोलणी करत होते. समोर अराफत यांचे विश्वासू अहमद कुरेई होते. नॉर्वेच्या मुत्सद्द्यांनी दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यांपासून दूर, एकाच छपराखाली राहायला-जेवायला आणले. परस्परांना मान्यता देणारी पत्रे ९ सप्टेंबरला दिली-घेतली गेली. शत्रूचे अस्तित्व लेखी मान्य करणे, हे या मुत्सद्देगिरीचे सर्वांत धाडसी पाऊल होते.

जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वसाहती आणि सीमा हे सर्वांत अवघड प्रश्न मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोपवले गेले. पॅलेस्टिनींच्या पाच वर्षांच्या अंतरिम स्वराज्यानंतर त्यांचा निकाल लागायचा होता. पण वसाहती वाढत राहिल्या, आत्मघातकी हल्ले सुरू झाले आणि दोन्हीकडच्या सामान्यांचा विश्वास उडत गेला. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवमधील शांतता मेळाव्यानंतर एका इस्रायली अतिरेक्याने राबिन यांची हत्या केली. ते चारही प्रश्न आजही सुटलेले नाहीत.