खाणीचा खड्डा, कोबीचा वाफा आणि शहराची राख

मी मूळची विज्ञान शाखेची. शेतात राख दिसली की माझा पहिला प्रश्न असायचा, त्यात पोटॅशियम किती? पीएचडीला लागल्यावर दुसरा प्रश्न शिकले: ही राख इथे आली कशी? तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून हे उदाहरण.

नायजेरियातलं जोस शहर सुमारे १२०० मीटर उंच पठारावर आहे. हवा थंड, त्यामुळे बटाटा, कोबी, गाजर छान येतं. पण शहर वाढलं ते कथिलामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कंपन्यांनी खाणी उघडल्या, लांबून मजूर आले. खाणींनी शेतजमीन खाल्ली आणि मागे ठेवले पाण्याने भरलेले खड्डे. भाजी तेव्हाही पिकायची, पण पाणी हाताने उपसायचं. जेवढा दम, तेवढाच वाफा.

१९८५ मध्ये जगभर कथिलाचा भाव कोसळला. जोसचा धंदा आधीच उतरणीला लागला होता, तो आणखी बसला. १९८६ मध्ये देशाने संरचनात्मक समायोजन स्वीकारलं, नायराची किंमत घसरली आणि पगारात घर भागेना. त्याच दशकात छोटे पेट्रोल पंप हाताशी आले. मग खाणीचा खड्डा शेततळं झाला! पावसाळा संपला की लोक भाजी लावू लागले आणि ती दूरच्या शहरांत जाऊ लागली.

पुढे रासायनिक खत महागलं. शेतकऱ्यांनी शहरातल्या जाळलेल्या कचऱ्याची राख, शेणखत आणि थोडं विकतचं खत असं मिश्रण वापरलं. यामागे पक्का हिशेब आहे. राखेतून पोटॅशियम, कॅल्शियम मिळतं, मातीची आम्लता कमी होते. नत्र मात्र जळताना उडून जातं, म्हणून बाकीची दोन लागतातच.

आता अडचण बघा. कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे असतील तर राखेत शिसंही येतं. तुम्ही फक्त शिसं मोजलंत तर शिफारस कराल, 'राख बंद करा.' पण महागड्या खताचा खर्च कोणतं घर उचलणार? आणि फक्त घरखर्च मोजलात तर ताटातलं शिसं सुटेल. दोन्ही मोजल्याशिवाय शिफारस करायचा आपल्याला हक्क नाही. कचरा जाळण्याआधी वेगळा करता येईल का, हा प्रश्नसुद्धा दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरच सुचतो.

म्हणून नमुन्यांच्या वहीत एक रकाना वाढवा: 'हे इथे कुठून आलं, कधीपासून?' माझ्या वहीत तो फार उशिरा आला. तुमच्या वहीत पहिल्या दिवसापासून असू द्या.