झिजलेला गोल्फ क्लब नियमात बसतो का? रोरी मॅकिलरॉयच्या ड्रायव्हरचं प्रकरण काय होतं?

मे 2025 ची गोष्ट. अमेरिकेतल्या शार्लट शहरात, क्वेल हॉलो कोर्सवर पीजीए चॅम्पियनशिप सुरू होण्याआधी खेळाडूंचे ड्रायव्हर तपासले गेले. महिन्याभरापूर्वीच मास्टर्स जिंकलेल्या रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर त्यात नापास झाला. स्पर्धा चालू असतानाच ही बातमी फुटली आणि ‘चीटिंग केली का?’ अशी चर्चा सुरू झाली. रोरीने चारही दिवस पत्रकारांशी बोलणं टाळलं आणि तो संयुक्त 47व्या स्थानावर राहिला.

गंमत पुढे आहे. ही स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकणाऱ्या स्कॉटी शेफलरने रविवारी जिंकल्यावर सांगितलं, की त्याचाही ड्रायव्हर त्याच तपासणीत नापास झाला होता. पण त्याचं नाव तोपर्यंत बाहेर आलंच नव्हतं. आपलं नाव फुटलं आणि इतरांचं नाही, याचं वाईट वाटल्याचं रोरी नंतर बोलला.

दोघांपैकी कुणीही क्लबमध्ये छेडछाड केली नव्हती. क्लब वापरून वापरून बदलले होते.

वापरल्याने क्लब ‘गरम’ कसा होतो?

ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब फटका मारायचा क्लब. आपल्याकडे सर्रास ‘गोल्फ स्टिक’ म्हणतात, खेळाडू मात्र क्लबच म्हणतात. आजच्या ड्रायव्हरचा चेंडूला लागणारा पुढचा भाग, म्हणजे फेस, बहुतेक वेळा टायटॅनियमचा आणि खूप पातळ असतो. चेंडू लागला की तो किंचित आत दबतो आणि परत उसळतो. जितका जास्त लवचीक, तितका चेंडू जोरात सुटतो.

म्हणून यावर मर्यादा आहे. लोलकाला लावलेला एक छोटा धातूचा गोळा फेसवर आपटतात आणि तो किती वेळ फेसला चिकटून राहिला ते मोजतात. मर्यादा 239 मायक्रोसेकंद, वर 18 ची सूट. म्हणजे 257 च्या पुढे गेला की क्लब बाद. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, तेव्हा हातात धरून किंवा डोळ्याने पाहून हे कुणालाच कळणार नाही.

कंपन्या साहजिकच या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन क्लब बनवतात. मग हजारो फटके बसले की फेस हळूहळू सैल पडतो, आकडा वर सरकतो आणि एक दिवस रेषा ओलांडली जाते. म्हणजे क्लब तडकण्याच्या थोडा आधी सगळ्यात भारी चालतो! इतर बऱ्याच खेळांत जुनं सामान खेळाडूचं नुकसान करतं, इथे काही काळ फायदा करून देतं.

हे आधीही झालंय. 2019 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरश इथे ओपन चॅम्पियनशिपच्या आधी 30 खेळाडूंचे ड्रायव्हर तपासले. झँडर शॉफलीचा नापास झाला आणि त्याला दुसरा घ्यावा लागला. तपासायचंच तर मैदानातल्या सगळ्या 156 जणांचे तपासा, असं तो तेव्हा उघडपणे म्हणाला होता. मुद्दा रास्त होता. निवडक तपासणीत ज्याचं नाव निघतं, संशय त्याच्याच वाट्याला येतो.

मग घरातल्या जुन्या सेटचं काय?

घाबरायचं कारण नाही. गोल्फच्या नियम 4.1 नुसार, नवा असताना नियमात बसणारा क्लब नेहमीच्या वापराने झिजला, तरी तो नियमात बसणाराच मानला जातो. फेसवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या, सतत मारून फेसवर खळगा पडला, ग्रिपवर हाताचे ठसे उमटले, डोक्याच्या आतला तुकडा सुटून खुळखुळू लागला, तरी चालतं. अमेरिका आणि मेक्सिको सोडून बाकी जगात, म्हणजे भारतातही, हे नियम ‘आर अँड ए’ ही संस्था चालवते.

खाचांच्या बाबतीत ही सवलत समजण्यासारखी आहे. त्या झिजल्या तर चेंडूला फिरकी कमी मिळते, तोटा खेळाडूचाच. पण त्या पुन्हा कोरून धारदार केल्या, की ती झीज राहत नाही, तो बदल ठरतो. मग खाचांची रुंदी, खोली, कडा सगळं मापात बसलं पाहिजे. सेकंडहँड सेट घेणाऱ्याने हे जरूर विचारून घ्यावं.

मोठ्या स्पर्धांतल्या ड्रायव्हरचं मात्र वेगळं. तिथे यंत्राने मोजलेला आकडा समोर असतो, त्यामुळे रेषा ओलांडलेला क्लब बाजूला ठेवायला सांगतात. शिक्षा नाही, कारण अजून त्याने फटकाच मारलेला नसतो. नियमबाह्य क्लब नुसता बॅगेत असला तर दंड नाही, पण त्याने फटका मारला की थेट स्पर्धेतून बाद.

झीज आणि मोडतोड यांतही फरक आहे. खेळताना क्लब वाकला, तर त्या राउंडपुरता तो वापरता येतो, अगदी रागाने आपटून वाकवला असला तरी. 2023 पासून, आपटाआपटी केली नसेल तर तो बदलताही येतो. पण तोच वाकडा क्लब पुढच्या राउंडला आणायचा, तर आधी तो नियमात बसतोय का हे पाहावं लागतं.

आणि चेंडू?

क्रिकेटमध्ये चेंडू जुना होण्यावरच अर्धा खेळ चालतो, रिव्हर्स स्विंग त्यातूनच येतो. गोल्फमध्ये होल खेळत असताना चेंडूला चीर गेली किंवा तो तडकला, तरच बदलता येतो. नुसता ओरखडा आला, रंग उडाला म्हणून नाही. शंका आली तर जागेवर खूण करून उचलून पाहता येतं, मात्र ग्रीन सोडून इतरत्र पुसायचा नाही. खूण न करता उचलला किंवा पुसला, तर एका फटक्याचा दंड. आणि एखाद्याने चेंडू मुद्दाम घासला किंवा तापवला, तर त्याने मारलेल्या पहिल्याच फटक्याला खेळाडू बाद.