कुर्डुवाडीतील हॉटेल व खाणावळ : दोन शब्दांचा सामाजिक इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे गाव आगगाडीने घडविले. कुर्डू हे जुने खेडे जवळच असून वाडी त्याची. कुर्डू हे एका रानभाजीचेही नाव आहे, हा योगायोग प्रस्तुत विषयाला शोभणारा असला तरी त्यावर अधिक भार देण्याचे कारण नाही. १८५८ ते १८६० या दोन वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून सोलापूरपर्यंत टप्प्याटप्प्याने पोचला, तेव्हा येथील स्थानकास कुर्डुवाडीचे नावही मिळाले नाही. त्यास 'बार्शी रोड' म्हणत. बार्शीच्या पेठेस जावयाचे, त्याने येथे उतरून सुमारे २१ मैल बैलगाडीने जावे, आणि पंढरपुरास जावयाचे, त्याने सुमारे ३१ मैल. स्थानकाच्या नावातच हे ठिकाण मुक्कामाचे नसून वाटेवरचे असल्याची कबुली होती.

१८९७ साली एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेने बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा रूळ टाकला. ही छोटी गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस पोचली. मुंबई-मद्रास मार्ग साडेपाच फुटी. या दोन रुळांमधील तीन फुटांच्या फरकाने कुर्डुवाडीचे पुढील शंभर वर्षांचे जीवन ठरविले. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नाही. म्हणून प्रत्येक उतारूने आपले गाठोडे घेऊन येथे उतरावे व पुढच्या गाडीची वाट पाहावी, हे क्रमप्राप्त झाले. वाट पाहणारा मनुष्य भुकेला होतो, आणि भुकेल्या परक्या मनुष्यास कोणी, काय व कोणाच्या हातचे द्यावे हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात साधा नव्हता. हा प्रश्न कसा सुटत गेला याचा माग 'हॉटेल' व 'खाणावळ' या दोन शब्दांच्या अर्थभेदात लागतो.

इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुख्यतः उतरण्याची जागा. मराठीत हा शब्द आला तो ही राहण्याची बाजू बव्हंशी गाळून. मराठी माणसाचे हॉटेल म्हणजे चहा, भजी, चिवडा, शेव, लाडू मिळण्याचे ठिकाण. तेथे कोणी राहत नाही आणि जुन्या अर्थाने कोणी जेवतही नाही. राहण्यासाठी 'लॉज' हा निराळा शब्द घ्यावा लागला, आणि जेवण मिळे ते खाणावळीत. परका शब्द स्वीकारताना भाषेने त्याचा अर्थ आक्रसला, तो नेमका कोठे? शिजविलेल्या अन्नाच्या सीमेवर. ही सीमा भाषेची नव्हे, समाजाची होती.

ती समजण्यासाठी पाण्याचा विचार करावा लागतो. विटाळ वाहून नेणारे द्रव्य पाणी, ही रूढ समजूत. म्हणून पाण्यात शिजविलेला भात, पाण्यात भिजविलेली भाकरी यांस स्पर्शास्पर्शाचे नियम कडक. तळलेल्या, भाजलेल्या किंवा दुधात भिजविलेल्या पदार्थांस ते सैल. प्रवासास निघताना घरोघरी दशम्या करीत, त्या टिकाऊ म्हणून करीत हे खरे. परंतु पीठ पाण्याऐवजी दुधात भिजविलेले असल्याने त्या वाटेत कोठेही खाता येत, हेही तितकेच खरे. 'फराळ' हा शब्द याच सीमेवर उभा आहे. मूळ 'फलाहार', पुढे त्यात उपवासाची खिचडी व भगर आली आणि दिवाळीच्या करंज्या-चकल्याही आल्या. उपवास आणि दिवाळी यांत साम्य ते कोणते? दोहोंकडील पदार्थ 'अन्न' या सदरात मोडत नाहीत, एवढेच. 'जेवलात का?' या प्रश्नास 'नाही, फराळ झाला' हे उत्तर मराठीत अजूनही सुसंगत वाटते, मग फराळाचे ताट कितीही भरलेले असो. हॉटेल हे याच फराळाचे दुकान होते. अनोळखी माणसाशेजारी बाकावर बसून खाण्यास समाजाने प्रथम मुभा दिली ती जेथे नियम मुळातच सैल होते तेथे.

चहा मात्र पाण्याचाच. तेव्हा त्याला ही मुभा सहजासहजी मिळाली नाही. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये झालेल्या चहापानावरून जे ग्रामण्य उभे राहिले, त्यात रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. बार्शीची छोटी गाडी सुरू झाली ती यानंतर अवघ्या सात वर्षांनी. ज्या कपभर चहासाठी पुण्यात धर्मपीठापर्यंत वाद गेला, तो पुढे मराठी मुलखातील स्थानकांच्या फलाटांवर सर्रास विकला जाऊ लागला. या बदलाचे श्रेय सुधारकांच्या व्याख्यानांना किती आणि गाडीच्या वेळापत्रकाला किती, हे तोलून पाहण्याजोगे आहे. वेळापत्रकाचे पारडे हलके ठरेल असे वाटत नाही.

तथापि आगगाडीने भेद पुसले असे सरसकट विधान करणे धाडसाचे होईल. हिंदुस्थानातील असंख्य स्थानकांवर 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' अशी पिंपे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत निराळी होती. या दोहोंत ज्यांस स्थान नव्हते त्यांचे काय होई, याची साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर टिपणांत आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ही मुले सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरली. त्यांची जात कळताच गाडीवान मिळेना; दुप्पट भाडे देऊन व गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून ती निघाली. बरोबर शिदोरी मुबलक होती. परंतु रात्रभर पिण्यास पाणी मिळाले नाही, म्हणून शिदोरी तशीच राहिली. आगगाडीचे तिकीट सर्वांस सारखे होते. पाणी तसे नव्हते. कुर्डुवाडीहून पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्यांतही असे यात्रेकरू असत. त्यांना छोट्या गाडीत जागा मिळे, विठ्ठलाच्या देवळात मिळत नसे. देऊळ त्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले.

आता खाणावळीकडे वळावे. या शब्दाची घडण मोठी बोलकी आहे. शिवणावळ, दळणावळ, धुणावळ, लिहिणावळ हे शब्द पाहावेत : ते जागा दाखवीत नाहीत, मोबदला दाखवितात. शिवण्याचे पैसे ती शिवणावळ, दळण्याचे ती दळणावळ. ('दळणवळण' या शब्दाशी येथे गोंधळ करू नये, ध्वनिसाम्यापलीकडे संबंध नाही.) तेव्हा खाणावळ म्हणजे घडणीने खाण्याचे पैसे, पैसे देऊन जेवण्याची जागा हा अर्थ त्यावरूनच आला. ज्या समाजात अन्न हे यजमानाने पाहुण्यास, गृहिणीने कुटुंबास किंवा दात्याने ब्राह्मणास व भिक्षेकऱ्यास देण्याची वस्तू होती, तेथे ते विकत मिळते हीच नवलाची गोष्ट शब्दाने टिपून ठेवली. पुढे 'ण'चा 'न' होऊन 'खानावळ' हे रूप रूढ झाले. त्यामागे 'दवाखाना', 'कारखाना' यांतील स्थलवाचक 'खाना'ची ओढ असावी, असे मानण्यास जागा आहे : अर्थ जागेकडे सरकला, मागोमाग रूपही सरकले.

हॉटेलच्या पाटीवर गावाचे, देवाचे किंवा मालकाचे नाव पुरे होई. खाणावळीस विशेषण लागे. ब्राह्मणी खाणावळ, मराठा खाणावळ, लिंगायत खाणावळ : सोलापूर, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यांत ही जोडनावे सर्वपरिचित होती. पाटी वाचणारास आत काय शिजते यापेक्षा कोण शिजविते हे आधी हवे असे. यांपैकी लिंगायत खाणावळ सीमा ओलांडून उत्तर कर्नाटकात गेली आणि 'खानावळि' या रूपाने कन्नडात स्थिरावली. हुबळी-धारवाडकडे हा शब्द घरचाच मानला जातो. कन्नडाने तो घेतला तो नकारासह, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कुर्डुवाडीच्या खाणावळीस आणखी एका वेळापत्रकाकडे लक्ष ठेवावे लागे, ते पंचांगाचे. आषाढी व कार्तिकी हे गर्दीचे काळ. पण एकादशीस वारकरी जेवत नाही. ज्या दिवशी सर्वांत अधिक माणसे पंढरीत, तोच दिवस भाताच्या हंड्यास रिकामा आणि फराळाच्या कढईस भरभराटीचा. द्वादशीस बारस सोडावयाची. पुढे पौर्णिमेस गोपाळपुरी काला झाला की परतीची रीघ लागे, आणि छोट्या गाडीने उतरलेल्या उपाशी-दमल्या माणसाला पुणे, सोलापूर अथवा मराठवाड्याकडील गाडीपूर्वी गरम भाकरी-आमटी हवी असे. तेव्हा हॉटेल व खाणावळ या नुसत्या दोन दर्जांच्या जागा नव्हत. तिथीगणिक त्यांचे पारडे वरखाली होई.

१९५० च्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशास धर्म, जात यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने ती दंडनीय ठरविली. घटनेचा मराठी वाचक 'उपाहारगृह' म्हणतो, पाटी रंगविणारा पुष्कळदा 'उपहारगृह' लिहितो व नकळत अल्पाहाराऐवजी भेटवस्तूंचे घर उघडतो. या शब्दाने जातवाचक विशेषण घेतले नाही. तो मुळातच सरकारी, म्हणून निर्लेप राहिला. लोकांच्या तोंडी मात्र बसला नाही.

बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने विकत घेतली. अरुंद रुळांचे रुंदीकरण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुख्यत्वे पार पडले, आणि मुंबईहून निघालेली गाडी डबा न बदलता लातुरास जाऊ लागली. कुर्डुवाडीस उतरून वाट पाहण्याची सक्ती संपली. भीमेवरील उजनी धरणानंतर या भागात ऊस वाढला, पुणे-सोलापूर हमरस्ता रुंदावला, आणि खाणाऱ्यांची गर्दी टेंभुर्णी-भिगवणच्या बाजूस वळली. तेथे पंजाबीतून आलेला 'ढाबा' हा शब्द चालतो. उजनीच्या मासळीची पाटी त्याच्याच खाली असते. हमरस्त्यावर गाडी थांबविणारा आपखुशीने थांबतो, रूळ संपला म्हणून नव्हे. तेव्हा त्याला बोलाविण्यासाठी पाटी मोठी लागते.

त्या पाट्यांवर हॉटेल व खाणावळ हा जुना भेद आता राहिलेला नाही. हॉटेलात थाळी मिळते आणि खानावळीत चहा. जातीची विशेषणेही बहुतांशी उतरली आहेत. त्यांच्या जागी 'शुद्ध शाकाहारी' हे जोडनाव सर्वत्र दिसते. शाकाहारी या शब्दाने पदार्थ पुरेसा सांगून होतो. 'शुद्ध' हे पद पदार्थाविषयी आणखी काय सांगते, की ते अजूनही शिजविणाऱ्या हाताविषयीच बोलते आहे, याचे उत्तर कोशात मिळत नाही. गल्ल्यावर बसलेला मालक मात्र ते विचारल्यावाचूनही जाणतो.