फाशांच्या खेळात घड्याळ कशाला? बॅकगॅमन आणि १२ सेकंदांची गोष्ट

हा भाग दीडपट वेगाने ऐकत असाल तर आज जरा स्पीड कमी करा, कारण आजचा विषयच वेळ आहे. बुद्धिबळाच्या पटाशेजारी दुहेरी घड्याळ असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फासे टाकून खेळायच्या खेळातही, म्हणजे बॅकगॅमनमध्येही, मोठ्या स्पर्धांत असंच घड्याळ ठेवतात. ते तिथे कसं आलं आणि त्यावरून भांडणं का होतात, हे आज बघू. या भांडणांत मला खूप इंटरेस्ट आहे. कारण मी दिवसभर ऑफिसात ज्या प्रश्नांशी झगडतो, म्हणजे टाइमआउट कधी द्यायचा आणि एखादं काम पूर्ण झालं असं नक्की कधी धरायचं, तेच प्रश्न इथे लाकडी पाटावर आहेत.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पाटावर २४ घरं, प्रत्येकाकडे १५ सोंगट्या, दोन फासे. आपल्या सगळ्या सोंगट्या फिरवून आणायच्या आणि समोरच्याच्या आधी पाटाबाहेर काढायच्या. एकटी सोंगटी सापडली तर ती मारता येते. मेलेली सोंगटी पुन्हा सुरुवातीपासून आत आणावी लागते. सारीपाट किंवा लुडो खेळला असाल तर कल्पना आलीच असेल. फरक एवढाच की इथे प्रत्येक फाशाला चालीचे अनेक पर्याय असतात आणि त्यातला योग्य पर्याय निवडणं हेच खरं कौशल्य.

हा खेळ जुन्या घराण्यातला आहे. त्याचा इराणी पूर्वज म्हणजे नर्द. पहलवी भाषेतल्या एका जुन्या ग्रंथात आख्यायिका आहे, ती अशी. हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या दरबारात बुद्धिबळ पाठवलं आणि 'ओळखा कसं खेळतात' असं आव्हान दिलं. वजीर बुजुर्गमेहरने ते ओळखलंच, शिवाय उत्तर म्हणून नर्द तयार करून इकडे पाठवला. त्यातल्या ३० सोंगट्या म्हणजे महिन्याच्या ३० दिवस-रात्री, १५ पांढऱ्या आणि १५ काळ्या. आख्यायिकाच ती, इतिहास म्हणून घेऊ नका. पण गंमत बघा, ज्या खेळाने पाटावर अख्खा महिना मांडला, त्याच्या शेजारी घड्याळ यायला विसावं शतक उजाडलं.

तोपर्यंत सगळी काळजी फाशांची होती, कारण लबाडी फाशांत करता येते. रोमन लोक त्यासाठी फाशांचा मनोरा वापरायचे. फासे वरून टाकायचे, ते आतल्या पायऱ्यांवर आपटत खाली यायचे, म्हणजे हातचलाखीला वाव नाही. चौथ्या शतकातला असा एक धातूचा मनोरा १९८५ मध्ये जर्मनीत सापडला. आजही स्पर्धेत फासे कपात घालून हलवावे लागतात, आणि ते आपल्या उजव्या बाजूच्या पाटावर सपाट पडावे लागतात. फासा तिरका टेकला किंवा सोंगटीवर बसला तर पुन्हा टाकायचा.

विसाव्या शतकात खेळ बदलला. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डबलिंग क्यूब आला. हा एक मोठा फासा असतो, त्यावर २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे. डाव आपल्या बाजूने झुकतोय असं वाटलं की 'पैज दुप्पट' म्हणायचं. समोरच्याने एक तर मान्य करायचं, नाहीतर डाव सोडायचा. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॅकेट अँड टेनिस क्लबने नियम लिहून काढले. १९६४ मध्ये प्रिन्स अलेक्सिस ओबोलेन्स्की यांनी बहामा बेटांवर मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि स्पर्धांचं युग सुरू झालं. क्यूबमुळे विचार करायला एक मोठा विषय मिळाला आणि स्पर्धांमुळे बक्षिसाचे पैसे आले. विचार आणि पैसा एकत्र आले की माणसं सावकाश खेळायला लागतात.

बुद्धिबळवाल्यांना हा अनुभव आधीच आला होता. १८५१ च्या लंडन स्पर्धेत वेळेची मर्यादाच नव्हती. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत हॉवर्ड स्टाँटन एलायजा विल्यम्सकडून हरले, आणि विल्यम्स किती वेळ लावतात याची तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली, २ तासांत २४ चाली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांचं जोडघड्याळ आलं. सी-सॉसारख्या एकाच दांड्यावर दोन घड्याळं, एक कललं की ते थांबायचं आणि दुसरं चालू व्हायचं.

मग बॅकगॅमनने हेच उचललं का नाही? कारण हिशेब जमत नाही. '२ तासांत ४० चाली' असं बुद्धिबळात म्हणता येतं. बॅकगॅमनमध्ये चाली किती होतील हे फासे ठरवतात. ९ गुणांचा सामना क्यूबच्या जोरावर एक-दोन डावांत संपू शकतो, नाहीतर ८-८ होऊन १७ डावांपर्यंत लांबू शकतो. मग कोणाला किती मिनिटं द्यायची? त्यामुळे अनेक वर्षं पद्धत अशी होती की कोणी फारच रेंगाळलं तर समोरच्याने संचालकाकडे तक्रार करायची. संचालक मग देखरेखीला माणूस बसवायचे किंवा त्या सामन्यापुरतं घड्याळ लावायचे. यात अडचण उघड आहे. तक्रार करणारा चिडका ठरतो, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक रेंगाळलेला सामना पुढची अख्खी फेरी अडवून ठेवतो.

इथे बुद्धिबळातलीच एक घटना सांगतो, म्हणजे नुसतं घड्याळ ठेवून काय होतं ते कळेल. २००८, अमेरिकेतलं टल्सा शहर, महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद. इरिना क्रश आणि आना झाटोन्स्कीह यांच्यात शेवटचा निर्णायक ब्लिट्झ डाव. चालीमागे एकही जादा सेकंद नाही. शेवटी दोघी पटावर विचार करत नव्हत्याच, फक्त हात चालत होते. क्रश यांची वेळ संपली तेव्हा झाटोन्स्कीह यांच्याकडे १ सेकंद उरला होता. पुढे क्रश यांनी जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला. माझी चाल पूर्ण व्हायच्या आतच समोरून चाल होत होती, असा त्यांचा मुद्दा होता. निकाल मात्र कायम राहिला. कोण बरोबर हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच की अशा घड्याळाने बुद्धीऐवजी हाताचा वेग मोजला.

आता हेच बॅकगॅमनमध्ये कल्पून बघा. इथे प्रत्येक पाळीला फासे कपात घ्या, हलवा, टाका, ते थांबेपर्यंत बघा आणि मग सोंगट्या हलवा. दोन्ही फासे सारखे पडले तर चार-चार सोंगट्या सरकवायच्या. हे सगळं हमालीचं काम, विचाराचं नाही. थरथरत्या हाताचा सत्तरीतला खेळाडू आणि विशीतला पोरगा यांच्यात साधं घड्याळ ठेवलं, तर मिनिटं समान मिळतील, पण न्याय होणार नाही.

यावर उपाय निघाला तो डिजिटल घड्याळातून. बॉबी फिशर यांनी १९८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या पद्धतीत प्रत्येक चालीला काही सेकंद जमा होतात. चटकन खेळलात तर शिल्लक वाढते. १९९२ च्या फिशर-स्पास्की सामन्यात हे घड्याळ वापरलं गेलं. बुद्धिबळात ते उत्तम चालतं. बॅकगॅमनमध्ये मात्र त्यात एक बग आहे. समजा माझी सोंगटी मेली आहे आणि समोरच्याने सगळी दारं जवळजवळ बंद केली आहेत. मी फासे टाकतो, आत येता येत नाही, पाळी गेली. ३ सेकंदांत काम संपलं. दर पाळीला १२ सेकंद जमा होत असतील, तर मला ९ सेकंद फुकट मिळाले. अशा २० पाळ्या झाल्या की ३ मिनिटांची कमाई, तीही काहीही विचार न करता!

म्हणून बॅकगॅमनमध्ये रुळली ती विलंबाची पद्धत. पाळी सुरू झाली की घड्याळ १२ सेकंद नुसतं थांबून राहतं. त्या वेळात फासे टाकून साधी चाल खेळलात, तर तुमच्या खात्यातून काहीच जात नाही. न वापरलेले सेकंद साठत नाहीत, विरून जातात. १२ च्या पुढे गेलात की मूळ शिल्लक कमी होऊ लागते. ही शिल्लक साधारणपणे सामन्याच्या गुणामागे २ मिनिटं, म्हणजे ९ गुणांच्या सामन्याला १८ मिनिटं. सामना लांबला तर १२ सेकंदांचे हप्ते आपोआप जास्त मिळतात, त्यामुळे १७ डावांची भीतीही गेली. थोडक्यात, हमाली मोफत, बिल फक्त विचाराचं. हे ज्यांनी जुळवलं त्यांना इंजिनिअर म्हणून माझा सलाम.

घड्याळाने आणखी एक जुना वाद मिटवला. पूर्वी पाळी संपायची ती फासे उचलल्यावर. काही लोक चाल करता करताच झटकन फासे उचलायचे, आणि समोरच्याने विचारलं 'काय पडलं होतं?' की संपलं, पुरावाच गायब. घड्याळ असेल तर पाळी संपते ती कळ दाबल्यावर. त्याआधी चाल बदलता येते, नंतर नाही. कळ दाबणं म्हणजे सही करणं. काही स्पर्धांत दोघांमध्ये फाशांची एकच जोडी वापरतात. कळ दाबेपर्यंत फासे पाटावर तसेच राहतात, मग समोरचा तेच उचलतो. वाद झालाच तर घड्याळ थांबवायचं, पाट जसा आहे तसा ठेवायचा आणि संचालकांना बोलवायचं.

पण सगळेच प्रश्न घड्याळ सोडवत नाही. समजा समोरच्याला ५-३ पडले आणि तो चुकून ५-२ खेळला, शिवाय त्यात त्याचंच नुकसान आहे. मी बोलायचं की गप्प बसायचं? जुन्या रिवाजात हा माझा अधिकार होता. हवं तर दुरुस्त करायला लावा, नको तर मान्य करून पुढचे फासे टाका. आता अनेक स्पर्धांत नियम उलटा आहे. चूक दिसली तर ती सांगायचीच, मग फायदा कोणाचाही होवो. जुन्या मताचे लोक म्हणतात, लक्ष ठेवणं हेही कौशल्यच. मला नवा नियम पटतो. फाशांनी जे दिलं तेच पाटावर यायला हवं, नाहीतर कप, सपाट पाट, रोमनांचा तो मनोरा, ही सगळी खटपट कशासाठी?

आणि हो, ८-२ ने पुढे असताना वेळ संपली तर? तर सामना गेला. कठोर वाटतं. शिवाय फाशांच्या खेळात हरलेला माणूस 'नशीबच फुटकं' म्हणून मोकळा होतो, इथे तीही सोय नाही. पण तेवढीच मिनिटं समोरच्यालाही मिळाली होती आणि त्याने ती जपून वापरली. या अख्ख्या खेळात दोघांना अगदी सारखी मिळणारी गोष्ट वेळच आहे. ती एकाला मोजून आणि दुसऱ्याला सैल दिली, तर उरतात फक्त फासे.

तुमच्या मोबाइलवरच्या गेममध्ये पाळीचा टायमर कसा चालतो, सेकंद साठतात की विरतात, आज नक्की बघा आणि कमेंटमध्ये सांगा. समोरच्याची चूक दिसली तर तुम्ही बोलाल की गप्प बसाल, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात!