पद आणि दर्जा

कोणत्याही राज्यव्यवस्थेत नुसते पद सांगितल्याने माणसाचा मान व जबाबदारी ही दोन्ही कळत नाहीत. मोगलांची मनसबदारी हे याचे ठळक उदाहरण होय. अकबराच्या कारकीर्दीत रूढ झालेल्या या पद्धतीत पुढे मनसबदाराला दोन आकडे मिळू लागले. पहिला ‘जात’, येथे त्याचा अर्थ ज्ञाती नसून स्वतः ती व्यक्ती असा आहे. त्यावरून दरबारातील स्थान व खाजगी वेतन ठरे. दुसरा ‘सवार’, किती घोडेस्वार बाळगावयाचे ते त्यावरून ठरे. दोन्ही आकडे सारखे असल्यास पहिला दर्जा, सवार निम्मे वा अधिक असल्यास दुसरा, त्याहून कमी असल्यास तिसरा. म्हणजे दोन पंचहजारी एकाच पदाचे असूनही बरोबरीचे असतच असे नाही.

१६६५ च्या पुरंदरच्या तहाने आठ वर्षांच्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली. १२ मे १६६६ रोजी आग्र्यास खुद्द शिवाजी महाराजांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत उभे केले. हा अपमान महाराजांनी मुकाट्याने गिळला नाही.

स्वराज्यात किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे समान दर्जाचे असत. कामे मात्र निराळी, आणि किल्ल्याची जबाबदारी तिघांची मिळून. दर्जा समान ठेवूनही कामाची वाटणी चोख करता येते, हा धडा आम्हांस तरुण पिढीपुढे ठेवावासा वाटतो.