मोकळा भात आणि पेजेचा प्रश्न

शिजलेल्या भाताचे प्रत्येक शीत दुसऱ्यापासून सुटे, लांब आणि अभंग असावे, ही अपेक्षा हल्ली बासमती तांदळाच्या पिशवीवर चित्रासह छापलेली असते, आणि त्यामुळे मोकळेपणा हा त्या एका वाणाचा उपजत गुण असून इतर तांदळांच्या नशिबी चिकटपणाच लिहिलेला आहे, अशी समजूत सुशिक्षित घरांतही रूढ झालेली दिसते. वाणाचा वाटा मोठा आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु बासमती हे नाव कोणत्याही दफ्तरात वा काव्यात उमटण्यापूर्वी कित्येक शतके या देशातील वैद्य, राजे आणि बल्लवाचार्य मोकळ्या भाताच्या मागे लागलेले होते, आणि त्यांच्यापुढचा खरा प्रश्न एकच होता : तांदूळ शिजताना त्यातून सुटणारे पिष्ट, ज्याला आपण पेज म्हणतो, त्याचे करायचे काय? ते पातेल्यातच राहू दिले तर निवताना शिते एकमेकांना धरतात; ओतून दिले तर भात मोकळा होतो, पण अन्नाचा काही अंश हातचा जातो. मोकळ्या भाताचा इतिहास हा पुष्कळ अंशी या पेजेच्या विल्हेवाटीचा इतिहास आहे.

आयुर्वेदाने या बाबतीत आपला निर्णय फार लवकर दिलेला आहे. चरकसंहितेत चांगला धुतलेला, पेज गाळून टाकलेला, नीट शिजलेला आणि गरम असा ओदन पचायला लघु, आणि न धुतलेला, न गाळलेला, थंड झालेला ओदन गुरु, असा स्पष्ट भेद केलेला आहे. आणि पुढे शार्ङ्गधराने तर चार पळे तांदूळ चौदापट पाण्यात शिजवून मंड गाळावा, म्हणजे मधुर व लघु भक्त सिद्ध होतो, असे प्रमाणच घालून दिले. चौदापट हा आकडा आजच्या गृहिणीला अतिशयोक्त वाटेल, परंतु त्यामागे पक्की व्यवहारदृष्टी आहे. पाणी विपुल असले म्हणजे सुटलेले पिष्ट त्यात विरळ होते, तांदूळ खळखळत्या आधणात मोकळेपणी फिरतो, आणि चुलीची आच थोडी कमी-जास्त झाली तरी बुडाला लागण्याची भीती राहत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या अन्नभोगाचे जे सविस्तर वर्णन आहे, त्यातही रक्तशाली, गंधशाली अशा भातांच्या जाती नोंदलेल्या असून, तांदूळ शिजल्यावर त्यातील पाणी काढून टाकण्याचाच विधी आहे. महाराष्ट्राचा बराच भाग त्या राजाच्या अमलाखाली होता, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्याला भात वेळणे म्हणत, ती कृती काही मोगलाईतून आलेली नव्हे, हे उघड होते.

मात्र वैद्याने गाळलेला मंड वैद्यानेच पुन्हा उपयोगात आणला. मंड, पेया, विलेपी आणि ओदन अशी जी चढती श्रेणी आयुर्वेदाने लावली, तिच्यात लंघनानंतर उठलेल्या रोग्याला प्रथम मंड, मग पेया, आणि शेवटी घट्ट अन्न असा क्रम आहे; म्हणजे निरोग्याच्या पानातून बाहेर गेलेला अंश रोग्याच्या वाटीत येत असे. कोकणात तर पेज हा सकाळचा आहारच आहे, मग ती भातासकट मुद्दाम केलेली असो वा वेळून काढलेली असो. मीठ आणि आंब्याच्या लोणच्याची फोड तिच्याबरोबर मिळाली की शेतावर जाणाऱ्या माणसाचा न्याहारीचा प्रश्न मिटतो. जे उरे ते गुराच्या दावणीत जाई, किंवा धुतलेल्या कापडाला खळ म्हणून लागे. पेज फेकून देण्याची चैन खेड्यातल्या घराला परवडणारी नव्हती, आणि त्या घरात ती फेकली जातही नसे. मोकळा भात खाणारा आणि त्या भाताची पेज पिणारा हे बहुधा एकाच छपराखाली असत; फक्त पंगत निराळी.

अकबराच्या मुदपाकखान्यात हा प्रश्न निराळ्या मानाने सुटलेला होता. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त त्या कारखान्याची जी बारकाईने नोंद केली आहे, तिच्यात मांसरहित पदार्थांच्या यादीत खुश्का येतो : दहा शेर तांदूळ, अर्धा शेर मीठ, आणि पुढे एवढाच शेरा की हा पदार्थ अनेक रीतींनी करतात. म्हणजे नुसता कोरडा, सुटा, पांढरा भात. त्याच यादीतील ज़र्द बिरिंजाला साडेतीन शेर तूप, पाच शेर खडीसाखर, बेदाणे, बदाम, पिस्ते आणि केशर लागते, हे पाहिले म्हणजे खुश्क्याच्या नोंदीचा संक्षेप अधिकच डोळ्यांत भरतो. आणि मला तर असे वाटते, की ज्या पदार्थात लपवायला काहीच नाही त्याच्यासाठी आचाऱ्याला जिन्नस नव्हे, तर हात लागतो, हे अबुल फजलासारख्या चाणाक्ष कारभाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. शाही ताटे मीर बकावलाच्या, म्हणजे मुदपाकखान्याच्या मुख्याधिकाऱ्याच्या, मोहोरेनिशी कापडात बांधून मुदपाकखान्यातून बादशहापुढे जात; अशा बांधलेल्या ताटात ओलसर भाताचा लगदा व्हायला कितीसा वेळ लागतो!

या भातासाठी तांदूळ कोठून येई, त्याचाही दाखला तेथेच आहे. बहराइचहून सुखदास, ग्वाल्हेरहून देवझिरा, राजौरी व निमला येथून जिंजिन, असा पुरवठा करण्याचा दस्तूर होता. एक मण देवझिरा भात कांडला असता पंचवीस शेर तांदूळ निघतो, जिंजिनाचा बावीसच, एवढा हिशेब कारकुनांनी ठेवला होता. सुखदासाचा भाव मणी शंभर दाम, देवझिऱ्याचा नव्वद, आणि साठी या हलक्या जातीचा वीस. त्याच ग्रंथात गव्हाचा भाव मणी बारा दाम, आणि साध्या मजुराची रोजची मजुरी दोन दाम दिलेली आहे. म्हणजे अकबरी मणभर, आपल्या आजच्या मापाने पंचवीस किलोंच्या आसपास, सुखदास तांदूळ घ्यायला मजुराला पन्नास दिवस राबावे लागले असते. या भावांच्या यादीत बासमतीचा पत्ता नाही, ही गोष्ट बासमतीला मोगल बादशहांचा तांदूळ म्हणून मिरवणाऱ्या जाहिरातकारांनी एकदा पाहून घ्यावी.

याच काळात इराणात सफवी शहांच्या पदरी भात शिजवण्याची कला जवळजवळ शास्त्राच्या पदवीला पोहोचली होती. १५२१ सालचा ‘कारनामे’ आणि त्याच शतकाच्या अखेरचा ‘माद्दतुल हयात’ हे दोन फारसी पाकग्रंथ दरबारी आचाऱ्यांनीच लिहिलेले असून, त्यांत पुलावांची रेलचेल आहे. इराणी चेलोची रीत अशी : तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजत घालायचा, खळखळत्या विपुल पाण्यात दाण्याच्या पोटात किंचित कणी राहीपर्यंतच शिजवायचा, चाळणीत ओतून निथळायचा, आणि मग तूप वा लोणी घातलेल्या भांड्यात शीग करून रचून, झाकणाखाली फडके देऊन मंद आचेवर दम द्यायचा. फडक्याची योजना फार मार्मिक आहे, कारण झाकणाला जमलेली वाफ थेंब होऊन भातावर पडली की वरचा थर गिजगिजीत होतो. हुमायून १५४४ मध्ये शहा तहमास्पाच्या आश्रयाला गेला आणि येताना ही विद्या घेऊन आला, असे सांगण्याची प्रथा आहे. परंतु इराण-हिंदुस्थानातील दळणवळण एका परागंदा बादशहाच्या येण्याजाण्यावर अवलंबून नव्हते, आणि वेळण्याची पहिली अर्धी कृती तर येथे आधीपासूनच होती. नवे आले ते दुसरे अर्धे : निथळलेल्या भाताला पुन्हा तुपासह दम देणे.

भात मोकळा होण्याचे आणखी एक कारण चुलीपाशी नसून कोठीत असते. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि वर्षभर मुरलेल्या तांदळाचा सुटा होतो, हा अनुभव सर्व भातखाऊ मुलखांत आहे, आणि जुने धान्य लघु हे आयुर्वेदाचेही मत आहे. रसायनशास्त्राने त्याची उपपत्ती पुढे लावली : साठवणीत दाण्यातील प्रथिने परस्परांशी घट्ट सांधली जातात, पिष्टकणांभोवतीचे वेष्टन कठीण होते, आणि त्यामुळे दाणा पाणी अधिक पितो, पण पिष्ट कमी सोडतो. सुगंधाचे मात्र उलटे आहे. १९८२-८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बटरी या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुगंधी तांदळाच्या वासाचे मुख्य द्रव्य, २-ॲसिटिल-१-पायरोलीन, हुडकून काढले. ते उडून जाणारे असल्याने तांदूळ जुना होईल तसा वास मंदावतो. वास हवा की मोकळेपणा हवा, याचा निवाडा म्हणून प्रत्येक प्रांताने आपापल्या जिभेप्रमाणे केला. जुना तांदूळ खाण्यासाठी एका वर्षाचे पीक न विकता ठेवण्याची ऐपत लागते, हे वेगळे सांगायला नको.

मावळातल्या आंबेमोहराचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. हा आखूड दाण्याचा, नवा असताना घर भरून टाकणारा तांदूळ. त्याचा भात आसट, जरा दाबला की मूद उभी राहावी असा. वरण, तूप, लिंबू यांचा घास बोटांनी कालवायचा असल्याने शितांनी थोडे एकमेकांना धरणे हा तेथे दोष नसून सोय आहे. मोकळेपणाचा आग्रह मराठी घराने धरला तो मसालेभात, नारळीभात, साखरभात अशा सणावारच्या प्रकारांत, जेथे तांदूळ आधी तुपावर परततात. जेथे तूप, मांस आणि दाट रस्से यांचे स्निग्ध अन्न, तेथे कोरडा भात. जेथे पातळ वरण, आमटी, ताक, तेथे मऊ भात. एकाला उच्च आणि दुसऱ्याला गावंढळ ठरवणे मला तरी पटत नाही.

आता बासमतीकडे. या नावाचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून पंजाबी कवी वारिस शाहच्या १७६६ च्या ‘हीर’कडे बोट दाखवतात, आणि तो पंजाबच्या मैदानातला आहे. डेहराडूनच्या खोऱ्यात हे बी काबूलचा पदच्युत अमीर दोस्त मुहंमद याने मसुरीच्या नजरकैदेत असताना, म्हणजे १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, आणवले, ही आख्यायिका चवीने सांगितली जाते; पुलावावाचून तळमळणारा अमीर हे चित्र मोहक खरे, पण पाऊणशे वर्षे आधी पंजाबात नाव रुळलेल्या तांदळाला शेजारच्या खोऱ्यात यायला काबूलचा वळसा कशाला हवा होता? आधुनिक बासमतीचा वंशवृक्ष लाहोरजवळच्या काला शाह काकू येथे सुरू होतो. तेथे १९२६ मध्ये भातसंशोधनाचे सरकारी शेत निघाले, स्थानिक पिकांतून निवड करीत सरदार मुहंमद खान यांनी जो वाण वेगळा केला तो १९३३ मध्ये बासमती ३७० या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि १९४७ मध्ये ते शेत पाकिस्तानात गेले तरी बी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पिकत राहिले. हिंदुस्थानच्या बाजूला कर्नाल जिल्ह्यातील तरावडीच्या नावानेही एक बासमती प्रसिद्ध झाला. कर्नाल, कुंजपुरा, पानिपत ही नावे मराठी वाचकाला निराळ्याच कारणाने पाठ आहेत. १७६० च्या ऑक्टोबरात कुंजपुऱ्याची कोठी भाऊसाहेबांच्या हाती लागली, आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच टापूत लष्कर अन्नान्न झाले. तोच टापू आज कालव्यांच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यावर जगभर बासमती धाडतो.

१९८९ चा पुसा बासमती १ आणि २००३ चा पुसा ११२१ यांनी या वाणाचा विस्तार केला. नंतरच्याचे शीत शिजल्यावर वीस मिलिमीटरांपर्यंत लांबते. बासमतीच्या पिष्टात अमायलोज नावाचा घटक मध्यम प्रमाणात, साधारण वीस ते पंचवीस टक्के असतो, म्हणून भात ना चिकटतो ना निवल्यावर खडखडीत होतो. शिवाय भिजताना दाण्याला आडव्या सूक्ष्म भेगा पडतात आणि तो रुंद न होता लांब होतो.

दरम्यान पेजेच्या प्रश्नात एक नवा फिर्यादी उभा राहिला होता. बटाव्हियात डच वैद्य आइकमन यांनी सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांवरून बेरीबेरीचे मूळ दाखवल्यानंतर, यांत्रिक गिरण्यांनी कोंडा काढून चकचकीत केलेल्या तांदळाकडे आहारशास्त्रज्ञ संशयाने पाहू लागले. आणि कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून आयक्रॉइड व सहकाऱ्यांनी हिंदुस्थानातील तांदळाच्या प्रश्नावर १९४० मध्ये जे विवरण प्रसिद्ध केले, त्या काळापासून तांदूळ अनेकदा धुणे आणि पेज ओतून देणे या दोन्ही चरकमान्य क्रिया पोषणाच्या दृष्टीने सदोष ठरल्या, कारण बेरीबेरी टाळणारे जीवनसत्त्व ब१ पाण्यात विरघळून जाते. शहरातल्या घरात पेज पिणारा गडी, गुरे आणि खळ हे तिन्ही गेले होते. म्हणून आता ती मोरीत जाऊ लागली होती, आणि आक्षेपाला धार होती.

मोजक्या पाण्यात भात करण्याची रीत जुनीच, पण लाकडाच्या चुलीवर ती मोकळ्या भाताला फारशी साधत नसे, कारण पाणी आटत आले की आच एकदम जवळजवळ नाहीशी करावी लागते, आणि जळते लाकूड ओढून निखाऱ्यांवर भांडे ठेवण्याचे ते कसब सवयीच्या हातालाच जमे. वातीचा स्टोव्ह आणि पुढे गॅसची शेगडी आली, तेव्हा आच बोटाने फिरवता येऊ लागली. जुना बासमती दोन-तीन पाण्यांत हलक्या हाताने धुऊन अर्धा तास भिजवावा, निथळावा, एका वाटीला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी घेऊन आधण आल्यावर वैरावा, एक उकळी फुटली की घट्ट झाकण ठेवून सर्वांत बारीक आचेवर दहा-बारा मिनिटे न ढवळता ठेवावा, आणि आच बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नये. शेवटची दहा मिनिटे घाईच्या घरांत हटकून चुकवली जातात. पण त्याच अवधीत तळची ओल वर चढून सर्वत्र सारखी होते आणि मऊ झालेले शीत आवळून उभे राहते, एरवी काटा लावताच ते मोडते. पेज यात वेगळी निघत नाही. पृष्ठभागावरची पिठी धुण्यातच गेलेली असते आणि उरलेले पाणी दाण्याने पिऊन टाकलेले असते.

लग्नघरचे बिर्याणीवाले मात्र अजून वेळण्याची रीत सोडायला तयार नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. मोठ्या देगेत मोजून घातलेले पाणी तळाशी वेगाने आटते आणि वर तांदूळ कच्चा राहतो, खालच्या थरांवर वरच्यांचा भार पडून शिते मोडतात. म्हणून ते विपुल आधणात कणी राखून तांदूळ उकडतात, झाऱ्याने उपसून निथळतात, आणि कणकेने झाकण लिंपून दम देतात. पाव किलो तांदळाला शेगडीची रीत, मणाला देगेची.