पुण्यातील बालसाहित्यकारांचे लेखनजीवन

मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांची उपजीविका, त्यांच्या लेखनाची साधने आणि त्यांना लाभलेली प्रतिष्ठा यांचा इतिहास पुणे शहराच्या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. केवळ बालसाहित्यावर निर्वाह करणारा लेखक मराठीत अपवादानेच आढळतो. शिक्षक, संपादक, अनुवादक किंवा नभोवाणीवरील कार्यकर्ता म्हणून चरितार्थ चालवून उरलेल्या वेळात मुलांसाठी लिहावयाचे, असाच बहुतेकांचा जीवनक्रम होता. शाळा, छापखाने, नियतकालिके, आकाशवाणी केंद्र व पाठ्यपुस्तक मंडळ ही सर्व एकाच शहरात असल्यामुळे पुण्यात हा जीवनक्रम शक्य झाला. मराठी बालसाहित्याचे गुण आणि मर्यादा या दोहोंवरही त्याची छाप पडलेली दिसते.

मराठीतील मुद्रित बालसाहित्याचा आरंभ भाषांतराने व शिक्षणाच्या गरजेतून झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची बाळमित्र व इसापनीतिकथा ही भाषांतरित पुस्तके १८२८ च्या सुमारास निघाली. पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी अरबी कथांचे मराठी रूपांतर १८६१ पासून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. ते शिक्षण खात्याशी निगडित होते. विनायक कोंडदेव ओक (१८४०–१९१४) हेही त्याच खात्यातील. त्यांनी १८८१ मध्ये बालबोध हे मासिक सुरू केले आणि ते आमरण चालविले. चरित्रे, निबंध, कविता व शास्त्रीय माहिती असा विविध मजकूर ते स्वतःच लिहीत. एकाच व्यक्तीने लेखक व संपादक या दोन्ही भूमिका पार पाडण्याची ही प्रथा पुढील पिढ्यांनी उचलली.

पुण्यात ती दृढ झाली वासुदेव गोविंद आपटे (१८७१–१९३०) यांच्यामुळे. त्यांनी १९०६ मध्ये आनंद हे मुलांचे मासिक काढले. आपटे हे पत्रकार, कोशकार व अनुवादक होते. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या आणि शब्दरत्नाकर हा कोश सिद्ध केला. बालसाहित्य हा त्यांच्या विस्तृत उद्योगाचा एक भाग होता. तथापि तो त्यांनी दुय्यम मानला नाही. मुलांचे लेखन म्हणजे धड्यांची पुरवणी, ही समजूत मागे सारून वाचनाचा आनंद हेच उद्दिष्ट त्यांनी मासिकाच्या नावातूनच घोषित केले. कोशकाराची शब्दांविषयीची सावधता आणि गोष्ट सांगणाऱ्याची सहजता यांचा मेळ त्यांच्या लेखनात आढळतो.

आपटे यांच्यानंतर गोपीनाथ तळवलकर (१९०७–२०००) यांनी सु. पस्तीस वर्षे आनंदचे संपादन केले. मासिकाच्या संपादकास दरमहा ठरावीक पाने भरावी लागतात. अपेक्षित मजकूर वेळेवर न आल्यास ती जागा त्यालाच लिहून काढावी लागते. छोटी कथा, गाणे, कोडे, चरित्र व क्रमशः कादंबरी हे प्रकार मराठी बालसाहित्यात विपुल झाले, त्याचे एक कारण हेच होय. मासिकाच्या या गरजेने लेखकाला शिस्त लावली व लहान वाचकांशी त्याचा नित्य संबंध ठेवला. परंतु दीर्घ, सावकाश रचलेल्या कलाकृतीस लागणारी सवड त्याला क्वचितच मिळाली.

या जीवनक्रमातील कष्टांचे ठळक उदाहरण भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांचे आहे. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आकाशवाणीतील नोकरी सोडली. पुढे १९५० च्या दशकात त्यांनी बालमित्र हे मासिक चालविले. मात्र ते फार काळ टिकू शकले नाही. अनुवाद हा त्यांच्या लेखनाचा मोठा आधार होता. ज्यूल व्हेर्नच्या अद्‌भुत कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांना उपलब्ध करून दिल्या. हा अनुवाद शब्दशः नसे. मराठी मुलाला परक्या देशातील साहस आपलेसे वाटावे, अशी त्याची घडण असे. या अभ्यासातूनच त्यांचा फास्टर फेणे हा मानसपुत्र निर्माण झाला, असे म्हणता येईल. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला हा किडकिडीत, चपळ मुलगा मराठी बालसाहित्यातील अत्यंत लोकप्रिय नायक ठरला. पुण्याचे रस्ते व सायकली यांना साहसकथेत स्थान मिळाले आणि उपदेशाची जागा कुतूहलाने घेतली. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत (१९२०–२०१३) यांनीही आकाशवाणीवरील काम सांभाळून मुलांसाठी विपुल लेखन केले.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले, तेव्हा बालसाहित्यकारांना नवे क्षेत्र लाभले. तळवलकरांचा तेथील मुलांच्या कार्यक्रमांशी निकटचा संबंध होता. सई परांजपे (१९३८–  ) यांनी याच केंद्रावर काम केले व पुण्यात बालरंगभूमीसाठी पत्तेनगरीत, शेपटीचा शाप यांसारखी नाटके लिहिली. ऐकण्यासाठी लिहावयाचे असल्याने वाक्ये आखूड झाली व संवाद बोलीच्या जवळ आले. साने गुरुजींचे अनुयायी राजा मंगळवेढेकर (१९२५–२००६) यांनी कथाकथनाच्या द्वारे शाळाशाळांतील मुलांशी संपर्क ठेवला. त्यांच्या गीतांतील नाद व लय यांमागे प्रत्यक्ष श्रोत्यांचा अनुभव आहे.

पुणे येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या राज्य पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ मध्ये किशोर मासिक सुरू केले. शासकीय आधारामुळे मुलांना अल्प किंमतीत सचित्र मासिक मिळू लागले आणि लेखक-संपादकावरील आर्थिक जोखीम येथे उरली नाही. खाजगी प्रयत्नांत गोकुळ मासिकाचे अमरेंद्र गाडगीळ (१९१९–९४) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. त्यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात बालकुमार साहित्याची स्वतंत्र संस्था पुण्यात उभी राहिली व स्वतंत्र संमेलने भरू लागली. मुख्य साहित्यव्यवहारात बालसाहित्यकाराला पुरेसे स्थान मिळत नाही, ही जाणीव या प्रयत्नांमागे होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस लेखनाच्या पद्धतीत मोठा बदल घडला. तोपर्यंत लेखक मजकूर देई आणि चित्रे नंतर काढली जात. माधुरी पुरंदरे (१९५२–  ) या चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या व फ्रेंच भाषेच्या जाणकार लेखिकेने शब्द व चित्र एकत्रच रचले. वाचू आनंदे या मालिकेत त्यांनी मराठी साहित्यातील वेचे व भारतीय चित्रकलेचे नमुने मुलांपुढे मांडले. ल. म. कडू हेही चित्रकार-लेखक होत. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी पुरस्कार सुरू केले. पुण्यातील अनिल अवचट (२०१०), पुरंदरे (२०१४) व कडू (२०१७) यांना ते लाभले. साधना साप्ताहिकाने २००८ पासून बालकुमार दिवाळी अंक काढून या लेखनाला आणखी एक व्यासपीठ दिले.

पुरस्कारांनी प्रतिष्ठा वाढली. परंतु अर्थकारण फारसे पालटले नाही. मुलांचे पुस्तक स्वस्त असावे लागते, ते विकत घेणारा वाचक नसून पालक किंवा शाळा असते आणि रंगीत छपाईचा खर्च मोठा असतो. परिणामी लेखकाच्या वाट्यास येणारे मानधन अल्प राहते. ओकांपासून पुरंदऱ्यांपर्यंत मराठी बालसाहित्य समृद्ध झाले, ते बाजारपेठेपेक्षा दुसरा व्यवसाय सांभाळून लिहिणाऱ्यांच्या निष्ठेमुळे. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडले. मात्र प्रत्येक नव्या लेखकाला आपल्या लेखनासाठी सवड व साधने पुन्हा नव्याने मिळवावी लागली.